सोमवारची बाकं

१२ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार आधी, तक्रारी मागाहून. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय.

तुझ्या जुन्या शाळेत, म्हणजे सध्या माझ्या शाळेत, एक नवं खूळ आलंय. मुलांना फार ताण येतो हे संस्थेच्या लक्षात आलं. तेवढं खरं आहे. माझ्या आठवीत तिघांच्या दप्तरात डोकेदुखीच्या गोळ्या सापडल्या. यावर उपाय म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं ‘सजगता’. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मनात येईल ते येऊ द्यायचं, जाईल ते जाऊ द्यायचं. आम्हा शिक्षकांना चार दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज इतका मऊ, की चित्रकलेचे सर पहिल्याच सत्रात घोरायला लागले. बाईंनी त्यांचंच उदाहरण आम्हाला दिलं. मग प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली. ती पाच मिनिटं बघायची, हुंगायची, मग सावकाश चावायची. मी वर्गात हा प्रयोग केला, तर माझी सूचना पुरी व्हायच्या आत अडतीस मनुका फस्त.

तू आता ‘मी सांगितलं नव्हतं का’ म्हणायच्या तयारीत असशील. थांब जरा. तिसऱ्या आठवड्यात वर्ग खरंच शांत झाला. धाकाची शांतता मला ओळखता येते, माझ्या सगळ्या सुट्ट्या तुझ्या घरात गेल्यात. ही तसली नव्हती. मलाही बरं वाटतं. घरून निघताना झालेली चिडचिड त्या दहा मिनिटांत खाली बसते.

फक्त सोमवार मला झेपत नाही. आपल्या शाळेतला बाकबदल तुला माहीतच आहे. शुक्रवारी चाचणी, सोमवारी वर्गशिक्षकानं गुणांप्रमाणे यादी वाचायची आणि मुलांनी दप्तरं उचलून आपापल्या नंबराच्या जागी बसायचं. पहिला पहिल्या बाकावर, अडतिसावा एकोणिसाव्या. दहा मिनिटं त्यांना शांत करायचं आणि अकराव्या मिनिटाला मीच यादी उघडायची. हे काही मला पटत नाही.

डिसेंबरात माझं ठरायचंय. कायम करतात की दोन वर्षं राबवून नारळ देतात, बघू. गुडघा कसा आहे?

तुझी भिंगरी

---

१९ सप्टेंबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात काय मोजून द्यायचे. नवा गुडघा जुन्यापेक्षा आगाऊ निघालाय. जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना रुसतो.

माझ्या वेळीही मुलं श्वास घेत होती, फक्त त्याचा कार्यक्रम नव्हता. पण संस्थेनं सांगितलंय तर कर बापडी. तुमचे मुख्याध्यापक माझे विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण शब्दाला पक्का. त्याचं मन राख. डिसेंबरापर्यंत तोंडात गुळणी धरून बस. एकदा कायमचा कागद हातात पडला, की मग काय बोलायचं ते बोल. तुझ्या बापाला बोलायची घाई नडली, तुला नडू नये. दोन वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या त्यानं, आणि प्रत्येक वेळी खरं तेच बोलून.

आणि बाकबदलाला नावं ठेवू नकोस. त्या पद्धतीनं पुष्कळ पोरांचं भलं केलंय. आपल्याला आगापिछा ठाऊक नसतो त्या गोष्टीत हात घालू नये.

आत्या

---

३ ऑक्टोबर

आत्या,

गुळणी धरली होती. आता थुंकते.

प्रशिक्षणात शिकवलेलं एक काम मी मनापासून करते. दहा मिनिटं झाली, की प्रत्येकानं चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, आत्ता शरीरात काय जाणवतंय. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, शिक्षकानं वाचायच्या आणि फाडायच्या. मी फाडल्या नाहीत. वारांप्रमाणे लावून ठेवल्या.

मंगळवार ते गुरुवार काय, तर ‘पाय खाजतोय’, ‘भूक’, ‘शेजारचा हसतोय ते जाणवतंय’, ‘काही नाही, बरं वाटतंय’. सोमवारच्या तुला उतरवून पाठवते. ‘हात गार पडलेत.’ ‘घशात काहीतरी अडकलंय.’ ‘आत्ताच लघवीला जाऊन आलो, परत लागलीय.’ ‘श्वासाकडे लक्ष दिलं की तो जास्तच अडतो.’ ‘बाईंच्या टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला की पोटात खड्डा पडतो.’ त्या खणात यादी असते, आत्या. खण मी उघडते.

मला वाटलं, या सगळ्या मागच्या बाकांवरच्या असणार. अक्षरं ताडून पाहिली. सगळ्यात वाईट चिठ्ठ्या पहिल्या दोन बाकांवरून येतात. गवंड्याची मुलगी अकरा आठवडे पहिल्या नंबरावर आहे. तिनं लिहिलंय, ‘शनिवारपासून घास खाली उतरत नाही. आई म्हणते, परीक्षा झाली ना, मग आता काय?’ मी तिला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “बाई, मागच्यांना मागे जायची भीती नसते.” एवढं बोलली आणि पाणी प्यायला निघून गेली.

मी ठरवलंय. यादी माझ्याच खणात असते आणि सोमवारी मुख्याध्यापक आमच्या मजल्यावर फिरकत नाहीत. चार सोमवार मी ती वाचणार नाही. मुलं आहेत तिथेच बसतील. चिठ्ठ्यांत काय फरक पडतो ते बघते आणि मग पुरावा घेऊन त्यांच्यासमोर जाते. आधी विचारलं तर नाही म्हणतील, हे तुलाही ठाऊक आहे. तोवर ही गोष्ट फक्त तुला माहीत.

भिंगरी

---

१० ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू बापावर गेलीस. दोन महिने धीर धरवला असता तर तुझं काय बिघडलं असतं?

मी एक काम केलंय. तुझ्या भल्यासाठीच आहे, कळलं की रागावू नकोस. जास्त लिहीत नाही, गुडघ्याचे व्यायाम करून घेणारी मुलगी येऊन बसलीय आणि घड्याळाकडे बघतेय.

आत्या

---

२२ ऑक्टोबर

आत्या,

माझं पत्र काल मला मुख्याध्यापकांच्या टेबलावर दिसलं. तीन तारखेचं, माझ्याच अक्षरातलं. त्याला टाचणीनं तुझी चिठ्ठी लावलेली. ‘पोर किती मनापासून काम करते ते हे वाचून कळेल. सांभाळून घे.’

‘चार सोमवार मी ती वाचणार नाही’ याच्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती. आवाज चढवला नाही. चहा सांगितला. म्हणाले, “बाई, हा कार्यक्रम ताण कमी करण्यासाठी आहे, ताणाचं कारण शोधण्यासाठी नाही.” हे वाक्य ते अगदी सरळ चेहऱ्यानं बोलले. मग म्हणाले, “ज्यांनी बाकबदल सुरू केला त्यांच्याच भाचीनं तो मोडावा, याचं वाईट वाटतं.”

म्हणजे ही पद्धत तुझी. पावणेदोन वर्षं मी तुझ्याच शाळेत शिकवतेय, दर महिन्याला तुला लिहितेय, आणि हे मला त्यांच्याकडून कळायचं. वर मलाच म्हणतेस, आगापिछा ठाऊक नसलेल्या गोष्टीत हात घालू नये. आगापिछा दडवून कुणी ठेवला होता? तुला घरभेदी म्हणणार होते, पण घरही तुझंच आणि भेदही तुझाच.

मला लेखी समज मिळाली. दोन सोमवार यादीविना गेले होते, सात आणि चौदा तारखेचे. त्या दोन दिवसांच्या चिठ्ठ्यांत ‘सोमवार असूनही ठीक’ असं सात जणांनी लिहिलंय. काल मुख्याध्यापक स्वतः वर्गात आले आणि त्यांनी यादी वाचली. आता दर सोमवारी तेच वाचणार. गवंड्याची मुलगी चौथी आली, दुसऱ्या बाकावर गेली. तिची आजची चिठ्ठी अशी: ‘सुटले. पण आता परत चढायचं.’

सगळ्या चिठ्ठ्या जाळायला सांगितल्या आहेत. मी हो म्हटलं. जाळलेल्या नाहीत. हे पत्रही पाठवायचं असेल तर पाठव त्यांना, टाचणी घरात आहेच.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दिलंस तर खरं दे.

भिंगरी

---

२ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र पाठवलं ते चुकलं. मला वाटलं, माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाला माझं अक्षर पुरेल. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली आणि मी अजून त्याच खुर्चीत बसून कागद पाठवत होते. माझी जागा मला कळायला हवी होती.

आता खरं सांगते. चौतीस वर्षांपूर्वी मी रुजू झाले तेव्हा पुढची बाकं देणगीदारांच्या पोरांची होती. कुणी तसं लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. हमालाची, धोब्याची, भाजीवाल्यांची पोरं मागे, गळक्या भिंतीशी. तिथून फळा दिसत नाही, आणि बाईंना ती पोरं दिसत नाहीत. मी म्हटलं, हे चालणार नाही. जो अभ्यास करील तो पुढे बसेल, मग त्याचा बाप कोणीही असो. संस्थेचे सगळे सभासद माझ्यावर तुटून पडले. मी राजीनामा खिशात घेऊन सहा महिने शाळेत गेले. पहिल्या सोमवारी हमालाचा मुलगा पहिल्या बाकावर बसला आणि अध्यक्षांचा नातू अकराव्या. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आनंदानं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी जगाच्या छाताडावर पाय देऊन केली होती. तिला तू नावं ठेवलीस तेव्हा मला झोंबलं, म्हणून गप्प राहिले.

तुझ्या चिठ्ठ्यांनी मात्र मला एक मुलगी आठवली. धोब्याची. तिला लांबचं दिसत नव्हतं. फळा दिसत नाही म्हणून गुण नाहीत, आणि गुण नाहीत म्हणून पुढचं बाक नाही. माझ्या न्यायानं ती तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसली आणि मग शाळेत यायची बंद झाली. मी तेव्हा म्हणाले, तिलाच शिकायची आवड नव्हती. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हटलं होतं, आणि कुणीही मला खोडलं नाही. आणि पुढच्यांना काय होतं हे तर विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे बसलेल्याला कसलं दुःख, असंच वाटायचं.

चिठ्ठ्या जाळू नकोस. मला पाठव. सगळ्या. या वेळी कुणाला दाखवायच्या झाल्या तर तुला विचारून दाखवीन.

आत्या

---

२७ नोव्हेंबर

आत्या,

चिठ्ठ्या मिळाल्याचं कळवलंस ते बरं केलंस. राग गेलेला नाही, पण पातळ झालाय. इकडे मात्र आग लागलीय, नीट वाच.

परवा सोमवार. नेहमीप्रमाणे दहा मिनिटं बसलो. मुख्याध्यापक यादी घेऊन दारात उभे. वेळ संपल्याची छोटी घंटा मी वाजवली आणि कुणी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत वाजवली. अडतीसच्या अडतीस मुलं ताठ बसून श्वास घेत होती. मुख्याध्यापक म्हणाले, “उघडा डोळे.” कुणी हललं नाही. त्यांनी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, पाचव्यापर्यंत गेले. ज्याचं नाव घेतलं तो बसलेलाच. मागे कुणाला तरी खोकला आला, तो त्यानं तसाच डोळे मिटून खोकला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काय केलं असेल? मीही डोळे मिटले. विचार करून नाही, आपोआप. पूर्ण तास असा गेला. दुसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा मुलांनी डोळे उघडले, वह्या काढल्या आणि गणिताच्या सरांना नमस्कार केला.

शपथेवर सांगते, हे मी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर आत्ता मिरवलं असतं.

सोळा डिसेंबरला संस्थेची समिती बसणार आहे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून मुद्द्याचं सांगितलं. हे मुलांपैकी कुणीतरी सुरू केलं. त्याचं नाव मी समितीला दिलं, तर माझा कायमचा कागद त्याच दिवशी तयार. नाही दिलं, तर एकतीस डिसेंबरला माझा शेवट. आणि ज्याचं नाव येईल त्याला फीमाफी असेल तर ती जाईल, शिस्तभंग म्हणून.

नाव मला माहीत आहे. तिनंच येऊन सांगितलं, आपणहून, त्याच दिवशी शाळा सुटल्यावर. शुक्रवारी पेपर संपल्यावर तिनं बाकावरून बाकावर निरोप पाठवला होता. फीमाफी कुणाची आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

मी नाव देणार नाही. हे तुला विचारत नाहीये, कळवतेय. पण आत्या, मला ही नोकरी हवी आहे. दोन दिवस झोप नाही. श्वासाकडे लक्ष देऊन पाहिलं, तो आहे आणि भीतीही आहे.

भिंगरी

---

३ डिसेंबर

भिंगरे,

नाव देऊ नकोस. दिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. आणि नाही दिलंस तर कपाटाचा एक खण मोकळा केलाय, पलंगही आहे. सप्टेंबरात मी तुला गुळणी धरायला सांगितलं होतं. ते पत्र फाडून टाक.

समितीला एक पत्र लिहिलंय. आधी तुला विचारते. खाली उतरवलंय. नको म्हणालीस तर पाठवणार नाही.

“समितीस. आपणाला सुरुवात कुणी केली त्याचं नाव हवं आहे. ते मी देते. चौतीस वर्षांपूर्वी या शाळेत गुणांवर बाकं मीच वाटली. तेव्हा तो न्याय होता, कारण त्याआधी ती पैशावर वाटली जात होती. आज अडतीस मुलांच्या चिठ्ठ्या माझ्यासमोर आहेत. एकही मूल नीट जेवून सोमवारी शाळेत येत नाही. मुलांना श्वास घ्यायला शिकवायचं आणि गळ्यावरचा अंगठा तसाच ठेवायचा, हा कार्यक्रम मला कळत नाही. अंगठा माझा होता. मी तो काढते आहे. ज्यांना तो हवा असेल त्यांनी स्वतःच्या नावानं ठेवावा, माझ्या नावानं नाही. शिक्षा करायची असेल तर माझा पत्ता खाली आहे. घरीच असते, गुडघ्यामुळे पळून जाता येत नाही.”

शेवटचं वाक्य काढू का? मला ते आवडलंय.

आत्या

---

२३ डिसेंबर

आत्या,

शेवटचं वाक्य ठेवलंस ते बरं केलंस. समितीत तेवढ्यालाच कुणीतरी हसलं.

सोळा तारखेचं सगळं सांगते. लांब टेबल, सहा माणसं, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास, मला खुर्ची टोकाला. तुझं पत्र मुख्याध्यापकांनाच वाचावं लागलं, कारण पाकिटावर त्यांचं नाव होतं. ‘अंगठा माझा होता’ इथे थांबून ते पाणी प्यायले, मग पुढचं वाचलं. अध्यक्ष म्हणाले, “बाईंबद्दल आदर आहे, पण विषय वेगळा आहे.” मग मला विचारलं, नाव माहीत आहे का. मी म्हटलं, “माहीत आहे. सांगणार नाही.” माझे हात गार पडले होते. चिठ्ठीवर लिहावं तसे. आवाज मात्र नीट निघाला.

एवढ्यात दार उघडलं. शिपाई मागून अडवत होता. गवंड्याची मुलगी आत आली, गणवेशात, आणि तिच्यामागे तिचे वडील, तसेच कामावरून आलेले, बुटांना सिमेंट. ती म्हणाली, “सुरुवात मी केली. बाईंनी काही सांगितलं नव्हतं.” वडील म्हणाले, “पोरीनं घरी कबूल केलंय. मला त्यात वावगं दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर मला सांगा, तिला नको.”

मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, अगदी मऊपणानं, “तू तर पहिली येणारी मुलगी. तुला पहिला नंबर नको का?”

ती म्हणाली, “नंबर हवाय, सर. बाक नको.”

आत्या, मी तिची शिक्षिका आहे, मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

तिची फीमाफी राहिली. बाहेर नऊ पालक थांबले होते, हे शिपायानं आत येऊन अध्यक्षांच्या कानात सांगितलं, त्याचाही हातभार लागला असेल. बाकबदल ‘पुढील विचार होईपर्यंत’ थांबवलाय. माझं मात्र झालं नाही. ‘माहिती दडवल्याबद्दल’ मला कायम करत नाहीत. एकतीसला शेवटचा दिवस. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. त्या रात्री रडले आणि दुसऱ्या दिवशी दोन शाळांना अर्ज टाकले. अर्जात काढून टाकण्याचं कारण विचारलं होतं. ते होतं तसं लिहिलं, सविस्तर, रकान्यात मावेना म्हणून मागच्या पानावर.

उद्यापासून नाताळची सुट्टी, म्हणून आज माझा इथला शेवटचा सोमवार. वर्गात गेले तर मुलं हवी तिथे बसलेली. अध्यक्षांची नात मागे खिडकीशी, सगळ्यात उंच मुलगा पहिल्या बाकावर, त्याच्यामागे कुणालाच फळा दिसत नाही म्हणून भांडण चाललेलं. दहा मिनिटं बसलो. मग मी हजेरी घ्यायला लागले आणि माझी पंचाईत झाली. दोन वर्षं मी नंबरावरून जागा आणि जागेवरून मूल ओळखत होते. आज कोण कुठे आहे ते मला सापडेना. एकेक नाव घ्यायचं, वर बघायचं, तो चेहरा हुडकायचा. अडतीस वेळा. त्यात सगळा तास गेला, आणि कुणालाही घाई नव्हती.

भिंगरी